पहाटे तीन बाराची नोंद

मंगळवार, ३ मार्च. दुपारी १ वाजून २० मिनिटे. मशीनच्या खोलीत डबा उघडून बसलो आहे, पण आधी हे लिहितो आहे.

सकाळी साडेअकराला रिपोर्ट छापणारी मुलगी खाली आली आणि म्हणाली, "फेब्रुवारी कुठे गेला?" मला वाटलं थट्टा करते आहे. वर जाऊन पाहिलं. तिच्या पडद्यावर जानेवारी होता, मार्चचे दोन दिवस होते, मध्ये काही नव्हतं. फेब्रुवारीत ज्यांनी ज्यांनी आमच्या तपासणी केंद्रात रक्त दिलं, त्यांचे सगळे रिपोर्ट तिसऱ्या मशीनवर एका फोल्डरमध्ये असतात. तो फोल्डरच नाही.

भावोजींना बोलावलं. भावोजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, मशीन विभागाचे प्रमुख. दीड महिन्यापूर्वी त्यांनीच मला इथे चिकटवलं. ते पडद्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "बॅकअप बघ." बॅकअप नऊ फेब्रुवारीपासून बंद पडला होता, कारण बॅकअपची डिस्क भरली होती. म्हणजे पहिला आठवडा वाचला, बाकीचा गेला.

एवढंच एक बरं, की काल तिसऱ्या मशीनची डिस्क सत्त्याण्णव टक्के भरलेली होती, ती आज एकसष्टवर आली आहे. निदान मशीन अडकणार नाही.

मॅनेजर बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आपोआप गेलं का कोणी पुसलं?" तिन्ही मशीनवर सगळे एकाच खात्याने शिरतात आणि पासवर्ड कीबोर्डच्या खाली चिकटवलेला आहे.

बुधवार, ४ मार्च

शोधायचं काम माझ्याकडे आलं. भावोजी मॅनेजर बाईंना म्हणाले, "हा बघेल. डोळ्यात तेल घालून बघतो आणि लिहितो नीट." मग मला जिन्यात थांबवून म्हणाले, "घाबरू नकोस. जे दिसेल तेच लिही. स्वतःचं डोकं चालवू नकोस."

मी कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडलं. डोकं चालवायची मला सवय नाही, हे त्यांना ठाऊक आहे.

तिन्ही मशीनच्या तीन तऱ्हा. पहिलं बिलांचं, विंडोजचं. त्याच्या नोंदी एका खिडकीत ओळीने दिसतात, चुकीला लाल गोल, इशाऱ्याला पिवळा त्रिकोण. लहान मुलालाही कळेल. दुसरं मॅक, वरच्या मजल्यावर माहितीपत्रकं बनवणाऱ्याचं. तेही बोलकं आहे, फार बोलकं, शिंक आली तरी नोंद करतं. तिसरं लिनक्सचं, रिपोर्टांचं. त्याला खिडकी नाही आणि रंगही नाहीत. एका फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या फाइली पडलेल्या असतात, त्या आपण उघडायच्या. कोण शिरलं, कोणी कोणती आज्ञा दिली, त्याची फाइल वेगळी. दर रविवारी ती फाइल बाजूला ठेवून मशीन नवी सुरू करतं. बाजूच्या चार ठेवतं, पाचवी झाली की सर्वांत जुनी फेकून देतं.

रोज सकाळी मी तिसऱ्या मशीनवर फक्त 'एरर' शब्द शोधतो, कारण भावोजींनी तेवढंच शिकवलं आहे. आज पहिल्यांदा पूर्ण फाइल वाचायला घेतली.

गुरुवार, ५ मार्च

सापडलं.

३ मार्चची ओळ. वेळ ०३:१२. खातं सगळ्यांचंच. आज्ञा: रिपोर्टांच्या फोल्डरमधला महिना २, आतल्या सगळ्यासकट, न विचारता पुसणे. त्याच्या वर एक ओळ सोडून महिना २ च्या तात्पुरत्या फाइली पुसल्याची नोंद. म्हणजे कोणीतरी कचरा काढत होतं आणि कचऱ्यामागून घरही काढलं.

पहाटे तीन बाराला इमारतीत पहारेकरी आणि शिट्टी, दोघेच असतात. पहारेकऱ्याला कीबोर्ड चालवता येत नाही.

शिट्टी म्हणजे रात्रपाळीचा ऑपरेटर, रात्री दहा ते सकाळी आठ. कामभर शीळ घालतो म्हणून ते नाव. मी लागलो त्या दिवसापासून मला 'प्रोफेसर' म्हणतो. माझं एक टिपण त्याने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं होतं आणि म्हणाला होता, "व्वा, स्वल्पविराम बघा, जसे काही मोजून घातलेत." सगळे हसले होते.

ओळ सापडली तेव्हा मला आनंद झाला. तसं लिहून ठेवतो, कारण खरं आहे.

अहवाल एक पानी केला. संध्याकाळी भावोजींनी वाचला. ते एरवी माझं काहीही तसंच सोडत नाहीत. परवा 'तपासणी यंत्र' खोडून 'तपासणीयंत्र' केलं होतं. आज पूर्ण पान वाचलं, दोनदा वाचलं, एक अक्षर बदललं नाही. माझ्या नावाखाली सही केली आणि पेनाला टोपण लावायला त्यांना बराच वेळ लागला. मला वाटतं अहवाल खरंच चांगला झाला होता.

शुक्रवार, ६ मार्च

शिट्टीला दुपारी बोलावलं. तो झोपेतून उठून आला होता, उशीचे वळ गालावर होते. मॅनेजर बाईंनी कागद पुढे केला.

तो म्हणाला, "मी नाही केलं."

"वेळ बघ."

"वेळ बघितली. तीन बाराला मी रक्त तपासणाऱ्या चार नंबरच्या मशीनमध्ये नळ्या लावत होतो. रोज तीन ते चार तेच करतो."

"त्याची नोंद आहे?"

"नळ्या लावल्याची कसली नोंद? नळ्या लागल्या हीच नोंद." मग माझ्याकडे वळला. "प्रोफेसर, तू लिहिलंस हे? नीट बघितलंस?"

मी म्हणालो, "जे दिसलं ते लिहिलं."

"दिसतं तर पुष्कळ."

भावोजी खिडकीकडे तोंड करून उभे होते. ते म्हणाले, "थकव्यात होतं माणसाकडून. कबूल कर, मी शब्द टाकतो." शिट्टी म्हणाला, "केलंच नाही तर कबूल काय करू, साहेब? तुमच्या समाधानासाठी?"

सहा वर्षं रात्रपाळी केली आहे त्याने. हे मला आजच कळलं.

सोमवार, ९ मार्च

शिट्टीला काढलं. पत्रात 'अक्षम्य निष्काळजीपणा' असं आहे. मॅनेजर बाईंनी मला विचारलं होतं, 'अक्षम्य'मधला क्ष कसा काढायचा. त्याचा फेब्रुवारीचा पगार, ११,६००, लोकांना पुन्हा बोलावण्याच्या खर्चात वळता केला.

जाताना त्याने आपला कप धुऊन पालथा ठेवला. मला म्हणाला, "येतो, प्रोफेसर. आता रात्री तुला बसवतील, घाबरू नकोस, चार नंबरचं मशीन तीनला कण्हतं, ते भूत नव्हे."

मंगळवार, १७ मार्च

आठवडाभर फोन. "आपला रिपोर्ट तांत्रिक कारणाने उपलब्ध नाही, कृपया पुन्हा रक्त द्यायला या, पैसे लागणार नाहीत." एक बाई म्हणाल्या, "अहो, माझी शीर सापडत नाही, मागच्या वेळी चार वेळा टोचलं. तुमचं तांत्रिक कारण घेऊन तुम्हीच या." एका माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, रिपोर्ट वडिलांचा होता, आता नको.

प्रत्येक फोननंतर मला शिट्टीचा राग येतो. राग धरायला जागा आहे, हे बरं आहे.

शुक्रवार, २० मार्च

मला कायम केलं. या महिन्यापासून पगारात १,५०० वाढ. मॅनेजर बाई म्हणाल्या, "त्या अहवालामुळेच." ताईने शेजारणीला दारात उभं राहून सांगितलं. भावोजी जेवण अर्ध्यावर सोडून उठले. रात्री त्यांच्या खोलीतून येरझाऱ्यांचा आवाज येतो. ताई म्हणते पित्ताचा त्रास आहे.

सोमवार, ३० मार्च

डबा आज उघडलाच नाही.

सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी वीज गेली. बॅटरीही दगा देऊन गेली, तिन्ही मशीन एकदम बंद पडली आणि वीज आल्यावर उठली. भावोजी बाहेर कामाला गेले होते. मी नोंदी काढल्या. पहिलं मशीन म्हणतं, अकरा पाचला बंद पडलो. दुसरं म्हणतं, अकरा पाच. तिसरं म्हणतं, पाच पस्तीस.

मला वाटलं तिसऱ्याचं घड्याळ बिघडलं. पुस्तिका उघडली. घड्याळ बिघडलेलं नव्हतं. ते मशीन बसवलं तेव्हापासून जागतिक वेळेवर चालतं, आणि जागतिक वेळ आमच्या भिंतीवरच्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे आहे. इतर दोघं दाखवताना इथली वेळ दाखवतात. हे दाखवत नाही.

मग ती फाइल पुन्हा वाचली. माझ्या स्वतःच्या, रोज सकाळी 'एरर' शोधल्याच्या नोंदी पाहिल्या, ज्यांकडे मी कधी पाहिलं नव्हतं. त्या मशीनच्या मते मी रोज पहाटे तीन वाजता कामावर येतो. महिनाभर, न चुकता, पहाटे तीन. एक ओळ जरी वर-खाली वाचली असती.

तीन बारा म्हणजे सकाळी आठ बेचाळीस.

आठ बेचाळीसला शिट्टी पाळी संपवून घरी गेलेला होता. त्या दिवशी साडेआठला मी आणि भावोजी एकत्र आलो. मला त्यांनी लगेच वर पाठवलं, पावती छापणाऱ्या मशीनमध्ये कागद अडकला होता. मी सव्वानऊला खाली आलो. खोलीत ते एकटे होते. डिस्क भरली आहे म्हणून आदल्या दिवशी तेच कुरकुरत होते.

त्याच दिवशी, संध्याकाळी

गाड्या लावायच्या जागेत भावोजींना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "जेवलास?"

"नाही."

"जेवून घेत जा वेळेवर." किल्ली हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "बॅकअप बंद होता हेच मला त्या दिवशी माहीत नव्हतं. कचरा काढायला बसलो होतो. एक बोट जास्त पडलं."

मी विचारलं, "मग अहवाल वाचताना वेळेचं तुमच्या लक्षात आलं नाही?"

"घाईत होतो."

ते घाईत होते. माणूस घाईत असला की होतं असं. दोनदा वाचला असला तरी.

"आता काय करायचं?" मी म्हणालो.

"काय करणार? अहवाल तुझा आहे. सही माझी आहे. दोघंही जाऊ, आणि मग ताईने कोणाच्या तोंडाकडे बघायचं? त्याला मिळेल काहीतरी. एकटा जीव आहे." गाडीचं दार उघडून म्हणाले, "बस. भिजल्यासारखा उभा राहू नकोस."

मंगळवार, ३१ मार्च

भावोजींनी तिसरं मशीन आज इथल्या वेळेवर आणलं आणि बंद करून पुन्हा सुरू केलं. म्हणाले, "आता पुन्हा कोणाचा गोंधळ व्हायला नको." रोजच्या अहवालात मी लिहिलं: तिन्ही मशीनची वेळ एक करण्यात आली.

जुन्या ओळी बदलत नाहीत, ज्या वेळेने लिहिल्या त्याच वेळेने राहतात. ३ मार्चची फाइल सध्या चौथ्या क्रमांकावर आहे. येत्या रविवारी पाचवी होईल, म्हणजे जाईल.

गुरुवार, २ एप्रिल

दुपारी खोलीत एकटा होतो. त्या फाइलची नक्कल करायची आज्ञा टाइप केली. शेवटची कळ दाबली नाही. नक्कल केली, की नक्कल केल्याचीही ओळ पडते. मग वाटलं, पडू दे, ती कोण वाचणार, वाचणारा मीच. तरीही दाबली नाही. एक एक अक्षर मागे घेत ओळ कोरी केली.

घरी ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "हे हल्ली झोपत नाहीत रे. उठून बसतात. ऑफिसात काही झालंय का?"

"नाही."

"तू असतोस म्हणून मला धीर आहे. सांभाळून घे त्यांना. बोलत नाहीत, पण तुझा फार आधार वाटतो त्यांना."

मी तिच्या हातातली चादर धरली, दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे. घडी नीट झाली.

शनिवार, ४ एप्रिल

ठरलं. नक्कल काढायची, छापायची, सोमवारी सकाळी मॅनेजर बाईंच्या टेबलावर ठेवायची आणि तिथेच उभं राहायचं. दिवसभर भावोजी खोलीतून हलले नाहीत, म्हणून आज जमलं नाही. पण फाइल जाते ती मशीनच्या मध्यरात्री, आणि मशीनची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. पहाटे साडेचारला जाईन. पहारेकरी ओळखतो. एक तास पुष्कळ झाला.

आज बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

रविवार, ५ एप्रिल

चार वाजून चाळीस मिनिटांनी मशीनसमोर बसलो. चार फाइली होत्या. सर्वांत जुनी आठ मार्चला सुरू होणारी.

मला कळेना. पुन्हा मोजल्या. मग रोजच्या अहवालातलं माझंच वाक्य आठवलं: तिन्ही मशीनची वेळ एक करण्यात आली. मंगळवारपासून त्या मशीनची मध्यरात्र आणि आपली मध्यरात्र एकच आहे. मी घरी गजर लावून झोपलो होतो तेव्हा फाइल गेली.

त्या वेळेपायी माझ्या हातून एका माणसाची नोकरी गेली, आणि तीच वेळ मी पुन्हा चुकलो. मंगळवारी मी स्वतः लिहिलं होतं. मी विसरलो, का विसरायचं ठरवून चार वाजता उठलो, हे मला आता खरंच सांगता येत नाही. तासभर तिथे बसलो. चार नंबरचं मशीन कण्हत होतं. ते तीनलाच कण्हतं असं नाही.

नोंदीशिवाय कोण मानेल? मानतीलही कदाचित. पण नोंद नाही या वाक्याचा मला किती आधार वाटला, ते माझं मलाच दिसलं.

शुक्रवार, १० एप्रिल

पगार झाला. अकरा हजार सहाशे पाकिटात घालून शिट्टीकडे गेलो. पत्ता पहारेकऱ्याने दिला. गोदामांच्या मागे लांबट इमारत, तिसरा मजला, गॅलरीत सायकली. त्यानेच दार उघडलं. आतून त्याच्या आईने विचारलं, "कोण रे?" तो म्हणाला, "ऑफिसातला. प्रोफेसर आहेत."

खुर्ची एकच होती, ती मला दिली. तो सध्या गोदामात खोकी रचतो. दोन तपासणी केंद्रांत जाऊन आला, दोन्हीकडे जुन्या ठिकाणी फोन केला गेला. "अक्षम्य," तो म्हणाला. "भारी शब्द आहे. समोरच्याला अर्थ लागत नाही, पण काम होतं."

मी पाकीट काढून गुडघ्यावर ठेवलं.

"हे काय?"

"तुझा पगार. कापलेला."

"कंपनीने दिला?"

"नाही."

"मग कोणी?"

मी पाकिटाचा कोपरा सरळ केला. तो पाकिटाकडे बघत होता, मग माझ्याकडे. हसणं हळूहळू उतरलं.

"किती वाजता होतं ते?" त्याने विचारलं.

"सकाळी आठ बेचाळीस."

त्याने मान हलवली. बोटांवर काही मोजलं नाही, विचारही करावा लागला नाही. साडेआठनंतर खोलीत कोण असतं हे त्याला सहा वर्षं माहीत होतं.

"चोर सोडून संन्याशाला," तो म्हणाला. "आणि मी तर संन्यासीही नव्हतो, तुझी टिंगल करायचो. बरं झालं. मग सांग की वर. ती ओळ दाखव."

"ती फाइल गेली. रविवारी."

"आणि तुला कळलं कधी?"

खोटं सांगता आलं असतं. कोणतीही तारीख सांगता आली असती.

"त्याच्या आधीच्या सोमवारी."

आतून आईने विचारलं, पाहुण्यांना चहा टाकू का? तो म्हणाला, "नको, निघालेत ते." मग पाकीट माझ्या गुडघ्यावरून उचललं, माझ्या शर्टाच्या खिशात सरळ घातलं आणि खिसा वरून थोपटला, लहान मुलाचा थोपटावा तसा.

"सोमवार ते रविवार," तो म्हणाला. "तुला घाई नव्हती."

दार त्याने आपटलं नाही. मी गॅलरीच्या टोकाला पोचेपर्यंत उघडंच होतं.

घरी आलो. भावोजींनी विचारलं, "कुठे गेला होतास?" मी म्हणालो, "असाच." ते म्हणाले, "जेवून घे."

या महिन्याचा हिशेब.
जमा: पगार, वाढीसकट, १३,५००.
खर्च: बसभाडं जाऊन-येऊन ४०. पाकीट ५. ताईला घरखर्चाला १०,०००.
शिल्लक: ३,४५५.
देणं: शिट्टीचे ११,६००. वाढीच्या पंधराशेतून फेडले तर आठ महिने लागतील, तो घेणार असेल तर.